इमारत स्वयंचलन व माहिती तंत्रविद्या

इमारत स्वयंचलन व माहिती तंत्रविद्या : मोठ्या इमारतीतील वातानुकूलन, प्रकाशयोजना, पाणीपुरवठा, उद्वाहक, अग्निसूचना, प्रवेशनियंत्रण, वीजवाटप इ. यंत्रणांचे नियमन मानवी हस्तक्षेपाशिवाय करणाऱ्या व्यवस्थेस इमारत स्वयंचलन म्हणतात. या यंत्रणा प्रत्यक्ष भौतिक क्रिया घडवून आणतात : झडप उघडतात, पंखा फिरवतात, दार बंद करतात. म्हणून त्यांच्या तंत्रास प्रचालन तंत्रविद्या अशी संज्ञा आहे. याउलट कार्यालयीन संगणक, त्यांना जोडणारे जाळे, कर्मचाऱ्यांच्या नोंदी, हिशेब व पत्रव्यवहार यांची हाताळणी करणाऱ्या तंत्रास माहिती तंत्रविद्या म्हणतात. ही दोन तंत्रे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बव्हंशी एकमेकांपासून अलग होती. ती एकाच जाळ्यावर आणून एकीची माहिती दुसरीच्या निर्णयासाठी वापरणे म्हणजे त्यांचे एकात्मीकरण होय. ज्या इमारतीत असे एकात्मीकरण झालेले असते, तिला सामान्यतः बुद्धिमान किंवा ‘स्मार्ट’ इमारत म्हणतात. एकात्मीकरणामुळे ऊर्जेची बचत होते व दोष लवकर उघडकीस येतात. परंतु त्याचबरोबर संगणकातील बिघाडाचा परिणाम इमारतीतील माणसांच्या श्वासोच्छ्‌वासापर्यंत व सुटकेच्या मार्गापर्यंत पोहोचू शकतो. या दोहोंचा मेळ घालणे हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

इतिहास : इमारतीतील स्वयंचलित नियंत्रणाचा आरंभ तापमानापासून झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकविणारे वॉरेन एस. जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या तापस्थापीचे (थर्मोस्टॅटचे) एकस्व घेतले. तोपर्यंत खोलीतील तापमान पाहण्यासाठी शाळेच्या सेवकाला वर्गात यावे लागे व त्यामुळे अध्यापनात खंड पडे. जॉन्सन यांच्या प्रयुक्तीने तळघरातील भट्टीजवळ घंटा वाजून इशारा मिळू लागला. १८८५ मध्ये त्यांनी मिलवॉकी येथे या धंद्यासाठी कंपनी स्थापन केली. त्याच सुमारास मिनीॲपोलिस येथे ॲल्बर्ट बट्झ यांनी भट्टीची हवा आपोआप कमीजास्त करणारी झडप तयार केली.

यानंतर सु. ऐंशी वर्षे मोठ्या इमारतींत दाबित हवेने चालणारे नियंत्रण प्रचारात होते. तांब्याच्या बारीक नळ्यांमधून दर चौ. इंचास ३ ते १५ पौंड या मर्यादेतील हवेचा दाब हाच संदेश असे; दाब वाढला की झडप उघडे व कमी झाला की मिटे (किंवा याच्या उलट). ही पद्धत टिकाऊ होती व ठिणगीची भीती नसल्याने सुरक्षितही होती, परंतु प्रत्येक संदेशासाठी स्वतंत्र नळी लागे आणि कोणतीही नोंद मागे राहत नसे.

१९७३ मधील खनिज तेलाच्या टंचाईनंतर इमारतींतील ऊर्जेचा खर्च हा महत्त्वाचा विषय बनला आणि मध्यवर्ती संगणकावरून यंत्रे बंद-चालू करण्याच्या पद्धतीस चालना मिळाली. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक यंत्राजवळच अंकीय नियंत्रक बसविणे शक्य झाले. १९८४ मध्ये तयार झालेली अमेरिकेतील हार्टफर्ड येथील ३८ मजली सिटी प्लेस ही पहिली बुद्धिमान इमारत असल्याचा उल्लेख सामान्यतः करतात. तथापि या काळातील प्रत्येक उत्पादकाची संदेशपद्धती निराळी व गुप्त असल्यामुळे एका कंपनीचा नियंत्रक दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकाशी संवाद साधू शकत नसे. एकदा एका उत्पादकाची यंत्रणा घेतली की विस्तार व दुरुस्ती यांसाठी इमारतीच्या मालकाला कायम त्याच्यावरच अवलंबून राहावे लागे. खुल्या मानकांची चळवळ या अडचणीतून निर्माण झाली.

प्रचालन यंत्रणेची रचना : इमारत स्वयंचलनाचे साधारणपणे तीन स्तर मानतात. पहिल्या म्हणजे क्षेत्रीय स्तरावर संवेदक व प्रचालक प्रयुक्त्या असतात. संवेदक तापमान, आर्द्रता, दाब, कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण, प्रकाशाची तीव्रता किंवा माणसांची हालचाल मोजतात. झडपा, मोटरी व विद्युत् स्विच प्रत्यक्ष कृती करतात. दुसऱ्या स्तरावरील नियंत्रक मोजलेले मूल्य व इष्ट मूल्य यांची सतत तुलना करून त्यांतील फरक नाहीसा होईल अशी आज्ञा देतो. हे संवृत आवर्तन दर काही सेकंदांनी किंवा त्याहूनही जलद चालते. तिसऱ्या म्हणजे पर्यवेक्षण स्तरावरील संगणक वेळापत्रक ठरवितो, धोक्याच्या सूचना दाखवितो व नोंदी साठवितो. माहिती तंत्रविद्येशी सांधा मुख्यतः या तिसऱ्या स्तरावर जुळतो. दुसऱ्या स्तरावरील आवर्तन तिसऱ्या स्तराच्या मदतीशिवाय चालू राहिले पाहिजे, हा या रचनेतील मूलभूत नियम आहे. तो पाळला गेला असेल, तर मध्यवर्ती संगणक बंद पडला तरी खोलीतील हवा थंड राहते. फक्त तिची नोंद होत नाही.

दोन तंत्रविद्यांतील भेद : एकात्मीकरणातील बहुतेक अडचणी यंत्रांपेक्षा दोन व्यवसायांच्या भिन्न परंपरांतून येतात. माहिती तंत्रविद्येत गोपनीयतेला पहिले स्थान असते. संशय येताच संगणक जाळ्यापासून तोडणे हा तेथे योग्य उपाय ठरतो. प्रचालन तंत्रविद्येत सुरक्षितता व अखंड चालणे यांना पहिले स्थान असते. रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाचा वायुवीजन नियंत्रक संशयावरून तोडता येत नाही. कार्यालयीन संगणकाचे आयुष्य तीन ते पाच वर्षे धरतात, तर शीतजल पुरविणारे चिलर वीस वर्षे वा त्याहून अधिक काळ चालते व त्याचा नियंत्रकही बहुधा तितकाच जुना असतो. संगणकाच्या आज्ञावलीत दर महिन्याला सुधारणा केल्या जातात. नियंत्रकाच्या बाबतीत मात्र चालू यंत्र थांबवावे लागत असल्याने अशा सुधारणा वर्षानुवर्षे लांबणीवर पडतात. जबाबदारीही विभागलेली असते. जाळे संगणक विभागाच्या ताब्यात, यंत्रे देखभाल विभागाच्या ताब्यात व आज्ञावली बाहेरच्या कंत्राटदाराच्या हाती अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. त्यामुळे दोन्ही यंत्रणा जोडणाऱ्या तारेचा धनी कोण, हे कोणीच निश्चित केलेले नसते.

संदेशवहनाची मानके : भिन्न यंत्रणांनी परस्परांशी संवाद साधावा म्हणून संदेशाची रचना व क्रम ठरविणाऱ्या नियमांस प्रोटोकॉल म्हणतात. १९७९ मध्ये मॉडिकॉन या कंपनीने कारखान्यांसाठी तयार केलेला मॉडबस हा साधा प्रोटोकॉल वीजमापक, पंप व चिलर यांमध्ये अद्यापि वापरात आहे. त्यात केवळ क्रमांकित कप्प्यांतील आकडे वाचता किंवा लिहिता येतात. आकडा तापमानाचा आहे की दाबाचा, हे संदेशावरून कळत नाही. यूरोपात १९९० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या पद्धतींच्या एकत्रीकरणातून केएनएक्स हे मानक तयार झाले. दिवे, पडदे व घरगुती साधने यांसाठी ते विशेष प्रचलित आहे. दिव्यांच्या नियंत्रणासाठी डाली हे मानक असून त्याच्या एका तारजोडीवर ६४ दिव्यांना स्वतंत्र पत्ते देता येतात.

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी मानक बॅकनेट हे होय. अमेरिकेतील तापन, प्रशीतन व वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या संस्थेच्या समितीने १९८७ मध्ये त्यावर काम सुरू केले. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल न्यूमन हे समितीचे अध्यक्ष होते. १९९५ मध्ये हे मानक प्रसिद्ध झाले व २००३ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. बॅकनेटमध्ये प्रत्येक संवेदक, झडप किंवा वेळापत्रक ही एक वस्तू मानली जाते व तिला नाव, मूल्य, एकक, स्थिती असे गुणधर्म असतात. त्यामुळे वाचणाऱ्यास केवळ आकडा न मिळता तो कशाचा आहे हेही समजते. १९९९ मध्ये इंटरनेटच्या पत्तापद्धतीवरून बॅकनेट संदेश पाठविण्याची सोय झाली आणि इमारतीची यंत्रणा कार्यालयीन जाळ्याच्याच तारांवर येऊ शकली. मूळ बॅकनेटमध्ये व्यवहारात संदेश पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची व्यवस्था नव्हती. जो जाळ्यावर आहे तो विश्वासू, असे गृहीत होते. बंद तळघरातील स्वतंत्र तारांवर हे गृहीतक चालण्यासारखे होते, पण सर्वांसाठी खुल्या जाळ्यावर ते धोक्याचे ठरले. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रमाणपत्रे व कूटबद्ध संदेश यांवर आधारलेली ‘सुरक्षित जोडणी’ या नावाची पुरवणी २०१९ मध्ये मानकास जोडण्यात आली.

आज्ञांचा अग्रक्रम : एकाच पंख्याला अनेक ठिकाणांहून परस्परविरोधी आज्ञा मिळू शकतात. वेळापत्रक तो बंद करू पाहते, देखभाल कर्मचारी तो चालू ठेवू इच्छितो आणि अग्निसूचना यंत्रणा धूर पसरू नये म्हणून तो थांबविते. यासाठी बॅकनेटमध्ये अग्रक्रमाच्या १६ पायऱ्या आहेत. पहिली जीवितरक्षणाच्या मानवी आज्ञेची, दुसरी जीवितरक्षणाच्या स्वयंचलित आज्ञेची व आठवी कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या हस्त-आज्ञेची असते. वरच्या पायरीवरील आज्ञा मागे घेतली गेली की खालच्या पायरीवरील आज्ञा आपोआप लागू होते. ही योजना सुटसुटीत आहे, तथापि तिच्यातून एक नित्याचा दोष उद्‌भवतो. कर्मचाऱ्याने दुरुस्तीच्या वेळी आठव्या पायरीवर दिलेली ‘चालू’ ही आज्ञा मागे घ्यावयाची राहून गेली, तर वेळापत्रक कितीही काटकसरीचे असले तरी यंत्र अहोरात्र चालत राहते. पर्यवेक्षकाच्या पडद्यावर वेळापत्रक व्यवस्थित दिसते व विजेचे देयक मात्र वाढत जाते. माहिती व प्रचालन यांची सांगड घातलेली असल्यास, म्हणजे वीजमापकाची नोंद, वेळापत्रक व आज्ञांची यादी एकत्र पाहता येत असल्यास, असा दोष थोड्याच दिवसांत सापडतो.

अर्थाचे एकीकरण : केवळ प्रोटोकॉल एक असल्याने दोन यंत्रणांचे खरे एकीकरण होत नाही. एका कंत्राटदाराने संवेदकाला दिलेले नाव दुसऱ्याला उमगत नाही. मोठ्या इमारतीत अशी हजारो बिंदुनामे असतात व ती ठेवणारे लोक बहुधा काम संपवून निघून गेलेले असतात. म्हणून प्रत्येक बिंदूला प्रमाणित खुणा जोडण्याची पद्धत पुढे आली. प्रोजेक्ट हेस्टॅक (२०११) आणि ब्रिक (२०१६) हे या दिशेने झालेले प्रयत्न होत. त्यांमुळे हा संवेदक कोणत्या खोलीत आहे, त्या खोलीला कोणते वायुसंस्करण यंत्र हवा पुरविते व त्या यंत्राला कोणत्या चिलरचे पाणी मिळते, हा संबंध संगणकाला वाचता येतो. वातानुकूलनाच्या नियंत्रणक्रमाची नमुना मार्गदर्शिका ॲशरेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. तिचाही हेतू प्रत्येक इमारतीसाठी नव्याने व सदोष क्रम लिहिला जाऊ नये हाच आहे.

उपयोग : एकात्मीकरणाचा लाभ वातानुकूलनाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो [→ वातानुकूलन]. शंभर माणसांच्या सभागृहासाठी ठरविलेली ताजी हवा तेथे वीसच माणसे असताना पुरविली, तर ती थंड व कोरडी करण्यासाठी लागणारी ऊर्जा वाया जाते. मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरात हा अपव्यय विशेष मोठा असतो. पावसाळ्यात बाहेरील हवा ३०° से. तापमानाची व ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची असून ती २४° से. व ५५ टक्के या स्थितीस आणावयाची असेल, तर दर किग्रॅ. कोरड्या हवेमागे सु. ११ ग्रॅ. बाष्प काढून टाकावे लागते. १ किग्रॅ. बाष्पाचे पाणी होताना सु. २,४५० किलोजूल उष्णता बाहेर पडते. या हिशेबाने केवळ बाष्प काढण्यासाठी दर किग्रॅ. हवेमागे सु. २७ किलोजूल उष्णता काढावी लागते. तापमान सहा अंशांनी उतरविण्यासाठी काढावयाची उष्णता मात्र सु. ६ किलोजूलच असते. म्हणून किती माणसे येणार व किती आली, हे कळणे ऊर्जेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. ही माहिती सभागृहाच्या आरक्षणाच्या नोंदीत, म्हणजे माहिती यंत्रणेत, आधीच उपलब्ध असते. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या संवेदकावरून तिची खातरजमा करता येते. बाहेरील हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ४२० भाग असते व माणसांच्या उपस्थितीबरोबर खोलीतील प्रमाण वाढत जाते. नियंत्रक त्यानुसार ताज्या हवेची झडप उघडतो किंवा मिटतो.

पंख्याची गती कमी केल्याने होणारी बचतही लक्षणीय असते. पंख्यास लागणारी शक्ती आदर्श स्थितीत गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गती ८० टक्क्यांवर आणल्यास शक्ती सु. ५१ टक्के व गती निम्मी केल्यास शक्ती केवळ साडेबारा टक्के लागते. पुरवठ्याची कंप्रता बदलून मोटरीची गती कमीजास्त करणाऱ्या प्रयुक्त्यांमुळे हे शक्य झाले आहे. प्रत्यक्षात मोटर व प्रयुक्ती यांतील ऱ्हासामुळे बचत काहीशी कमी होते.

दुसरा मोठा उपयोग दोष शोधण्याचा आहे. शीतजलाची झडप पूर्ण मिटत नसेल व त्याच वेळी पुढील तापक हवा गरम करीत असेल, तर खोलीचे तापमान बरोबर राहते व कोणाचीही तक्रार येत नाही. दोन्ही यंत्रे मात्र एकमेकांविरुद्ध झगडत राहतात. असे दोष माणसाच्या नजरेस पडत नाहीत, परंतु साठविलेल्या नोंदींच्या तुलनेतून ते संगणकाला ओळखता येतात. याखेरीज वीजमागणीचे शिखर कमी करणे, देखभालीचे काम यंत्राच्या प्रत्यक्ष वापरावरून ठरविणे, कोणत्या जागा रिकाम्या राहतात हे पाहून जागेचे नियोजन करणे इ. कामांसाठी ही माहिती उपयोगी पडते.

संगणकाच्या जाळ्याच्या तारेतूनच वीज पुरविण्याच्या मानकांमुळे दिवेही जाळ्याचे भाग बनले आहेत. २००३ मधील मानकानुसार एका तारेतून १५.४ वॉटपर्यंत व २०१८ मधील मानकानुसार ९० वॉटपर्यंत शक्ती पुरविता येते. ॲम्स्टरडॅम येथील ‘द एज’ या कार्यालयीन इमारतीत अशा प्रकारे जोडलेले हजारो दिवे असून त्यांपैकी अनेकांत हालचाल, प्रकाश व तापमान मोजणारे संवेदक बसविलेले आहेत. पर्यावरणीय गुणवत्तेच्या ब्रीअम या ब्रिटिश मूल्यांकनात या इमारतीला ९८ टक्क्यांहून अधिक गुण मिळाले. तेथील कर्मचाऱ्यांना स्वतःच्या फोनवरून आपल्या जागेवरील दिवे व तापमान बदलता येते. अशा इमारतीत माहिती यंत्रणा कोठे संपते व प्रचालन यंत्रणा कोठे सुरू होते हे सांगणे कठीण असते.

धोके : जोडणीमुळे दोन्ही दिशांनी धोका निर्माण होतो. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या जाळ्यात घुसून सु. चार कोटी ग्राहकांच्या कार्डांचा तपशील चोरण्यात आला. घुसखोरांनी वातानुकूलन व प्रशीतनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा परवलीचा शब्द मिळविला होता. वातानुकूलनाच्या नियंत्रकातूनच ही चोरी झाली असे पुष्कळदा सांगितले जाते, परंतु कंत्राटदाराने दिलेल्या माहितीनुसार त्याची जोडणी देयके, कंत्राटे व कामाचे व्यवस्थापन यांपुरती होती. या घटनेचा खरा बोध असा, की बाहेरील साहाय्यकास दिलेला मर्यादित प्रवेश जाळ्याच्या इतर भागांपासून अलग ठेवला नाही, तर तो मर्यादित राहत नाही. त्याच वर्षी सुरक्षा-संशोधकांनी गूगल कंपनीच्या सिडनी येथील कार्यालयाच्या इमारत-व्यवस्थापन यंत्रणेत इंटरनेटवरून प्रवेश मिळवून दाखविला व कंपनीला ते कळविले. तेथील आज्ञावलीत ज्ञात दोषावरील सुधारणा करावयाची राहून गेली होती.

उलट दिशेचा धोका अधिक गंभीर असतो. २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी फिनलंडमधील लापेनरांटा या शहरातील दोन निवासी इमारतींचे तापन नियंत्रक इंटरनेटवरून आलेल्या निरर्थक संदेशांच्या भडिमाराखाली सापडले. नियंत्रक पुन्हापुन्हा स्वतःला नव्याने सुरू करू लागले आणि बाहेरील तापमान गोठणबिंदूखाली असताना इमारतींतील तापन बंद पडले. त्यांना जाळ्यापासून तोडल्यावरच ते पूर्ववत चालू झाले. नियंत्रकाचे स्थानिक आवर्तन जाळ्यातील गोंधळापासून मुक्त असावे, या नियमाचा भंग झाला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२०२१ मध्ये जर्मनीतील एका कार्यालयीन इमारतीत केएनएक्स पद्धतीच्या शेकडो उपकरणांपैकी सु. तीन-चतुर्थांश उपकरणे घुसखोरांनी निकामी केली. इंटरनेटकडे उघड्या राहिलेल्या एका मार्गातून त्यांनी दिव्यांचे स्विच, हालचाल-संवेदक व पडद्यांचे नियंत्रक यांतील आज्ञावल्या पुसून टाकल्या व नंतर उपकरणांच्या संरक्षणासाठीच दिलेली अंकीय किल्ली स्वतः बसवून मालकालाच बाहेर ठेवले. दिवे लावण्यासाठी मुख्य विद्युत् फलकावरील स्विचांचा आधार घ्यावा लागला. अखेर तज्ञांनी एका उपकरणाच्या स्मृतीतून किल्ली शोधून काढल्यावर यंत्रणा पूर्ववत करता आली. मालकाने स्वतःची किल्ली आधीच बसविली असती, तर परक्याला ती बसविता आली नसती.

अभिकल्पाची तत्त्वे : वरील अनुभवांवरून एकात्मीकरणाच्या अभिकल्पात पुढील गोष्टी आवश्यक मानल्या जातात. (१) जीवितरक्षणाच्या यंत्रणा स्वयंपूर्ण असाव्यात. आग लागल्याची सूचना मिळताच वायुसंस्करण यंत्रे थांबणे, जिन्यात दाबित हवा सोडणे, उद्वाहक तळमजल्यावर आणणे व सुटकेच्या मार्गावरील दारांची कुलुपे सुटणे या क्रिया अग्निसूचना फलकापासून थेट तारांनी घडाव्यात. मध्यवर्ती संगणकाने त्या केवळ नोंदवाव्यात. वीज गेल्यास सुटकेच्या दाराचे कुलूप उघड्या स्थितीत जावे. (२) इमारतीच्या यंत्रणांचे जाळे कार्यालयीन जाळ्यापासून विभागलेले असावे व दोहोंमधील रहदारी एकाच तपासनाक्यातून जावी. नोंदी बाहेर जाणे सुलभ व आज्ञा आत येणे कठीण, असे धोरण असावे. (३) कोणताही नियंत्रक थेट इंटरनेटवर उघडा असू नये. दूरस्थ देखभालीसाठी द्यावयाचा प्रवेश मुदतीचा, नावनिशीवार व नोंद ठेवणारा असावा. (४) उत्पादकाने दिलेले परवलीचे शब्द पहिल्याच दिवशी बदलावेत व सर्व किल्ल्या, आज्ञावल्या आणि त्यांच्या प्रती इमारतीच्या मालकाच्या ताब्यात असाव्यात. (५) प्रत्येक यंत्रासाठी हाताने चालविण्याची सोय असावी व ती चालवून पाहण्याचा सराव ठराविक काळाने करावा. (६) जाळ्यावर कोणती उपकरणे आहेत याची अद्ययावत यादी असावी. जे यादीत नाही त्याचे रक्षण करता येत नाही. कारखान्यांतील नियंत्रण यंत्रणांच्या सुरक्षिततेसाठी तयार झालेली आयईसी ६२४४३ ही मानकमालिका इमारतींनाही मार्गदर्शक ठरते.

एकात्मीकरण किती करावे, याचे उत्तर इमारतीनुसार बदलते. वाचनालयातील दिवे आरक्षणाच्या नोंदीशी जोडण्यात फारसा धोका नाही. रुग्णालयातील संसर्गरोधक कक्षाचा ऋण दाब कार्यालयीन वेळापत्रकाशी जोडणे मात्र अयोग्य ठरेल. जोडणी तुटल्यास यंत्र कोणत्या स्थितीत जाईल आणि त्या वेळी खोलीतील माणसाचे काय होईल, हा प्रश्न प्रत्येक जोडणीपूर्वी विचारावा लागतो.

मनुष्यबळ व खाजगीपणा : या क्षेत्रात वातानुकूलन, विद्युत् व संगणक अशा तिन्ही विषयांची जाण असलेले कर्मचारी दुर्मिळ असतात. बऱ्याच इमारतींत खर्चिक यंत्रणा बसविल्यानंतर काही वर्षांतच ती हाताने चालविली जाऊ लागते, कारण तिचा क्रम समजणारे कोणी उरत नाही. म्हणून इमारत ताब्यात घेताना प्रत्येक क्रिया प्रत्यक्ष चालवून तपासणे आणि देखभाल कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हा खर्चाचाच भाग मानला पाहिजे. यंत्राच्या आवाजावरून त्याचा बिघाड ओळखणाऱ्या जुन्या तंत्रज्ञाचा अनुभव नोंदींच्या विश्लेषणास पूरक ठरतो; त्यास पर्याय ठरत नाही.

संवेदक जेव्हा खोलीऐवजी माणसाची नोंद ठेवू लागतात तेव्हा खाजगीपणाचा प्रश्न उपस्थित होतो. जागा रिकामी आहे की नाही एवढे दिवा मालवण्यास पुरते. तेथे कोण व किती वेळ बसले होते, हे दिव्याला कळण्याची गरज नसते. प्रवेशपत्राच्या व हालचालीच्या नोंदी एकत्र केल्यास कर्मचाऱ्याच्या दिवसभराचा आलेख तयार होतो. म्हणून गरजेपुरतीच माहिती गोळा करणे व ठराविक मुदतीनंतर ती पुसणे हा दंडक सर्वमान्य होत आहे.

भारतातील स्थिती : भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. ब्यूरोने व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये तयार केली व २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. १०० किलोवॉट वा अधिक जोडभार अथवा १२० किव्होअँ. वा अधिक करारमागणी असलेल्या इमारती तिच्या कक्षेत आल्या. २०२२ मधील दुरुस्तीने अधिनियमाची व्याप्ती वाढवून मोठ्या निवासी इमारतींचाही विचार करण्यात आला. खोल्यांच्या वातानुकूलकांचे आरंभीचे तापमान २४° से. असावे, हा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू झाला.

संगणकीय सुरक्षिततेच्या बाजूने, भारतीय संगणक आपत्काल प्रतिसाद पथक २००४ पासून कार्यरत आहे. त्याच्या एप्रिल २०२२ मधील निदेशांनुसार गंभीर संगणकीय घटना सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक असून अशा घटनांच्या यादीत प्रचालन तंत्रविद्येवरील व जाळ्याला जोडलेल्या उपकरणांवरील हल्ल्यांचाही समावेश आहे. अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. अशा प्रकारे ऊर्जा, सुरक्षितता व खाजगीपणा यांसाठी स्वतंत्र तरतुदी अस्तित्वात आल्या आहेत. इमारतीत मात्र या तिन्ही गोष्टी एकाच नियंत्रकावर येऊन मिळतात. त्यामुळे वास्तुशास्त्रज्ञ, यंत्र अभियंता, विद्युत् अभियंता व संगणक अभियंता यांनी आराखड्याच्या अवस्थेपासून एकत्र बसून जबाबदारीची वाटणी लेखी ठरविणे अगत्याचे असते. इमारत पूर्ण झाल्यावर केलेली जोडणी खर्चिक ठरते आणि तिच्यातील उणिवा बहुधा पहिल्या अपघाताच्या वेळीच लक्षात येतात.